भरलेल्या अंगाच्या नर्तकीसाठी बेली डान्सची ब्रा: एका कामाचा हिशोब

पार्श्वभूमी

पुण्यातली एक नर्तकी, वय 44, सात वर्षं बेली डान्स शिकणारी. पहिल्यांदाच पूर्ण दोन-तुकडी पोशाखात, म्हणजे ब्रा आणि कमरेचा बेल्ट घालून, मंचावर जाणार होती. दोन नाच मिळून अकरा मिनिटं. त्यातला दुसरा नुसत्या दरबुक्यावरचा (अरबी ढोलकी), म्हणजे अर्ध्याहून जास्त वेळ शिमी, अंग सतत थरथरवणं. हातात नऊ आठवडे होते.

या दोन-तुकडी पोशाखाला अरबीत ‘बदला’ म्हणतात. अर्थ साधा, सूट. 1926 मध्ये कैरोत नर्तकी बदिया मसाबनीने आपलं नाचगाण्याचं थिएटर सुरू केलं, त्या काळापासून हा पोशाख मंचावर रुळला. न बसणारी ब्रा घालून ज्यांनी अकरा मिनिटं काढली आहेत, त्यांना या शब्दाचा मराठी अर्थही पटेल.

नर्तकीने आधी इंटरनेटवरून तयार सेट मागवला होता. माप ‘एक्सएल’, कप ‘डी/डीडी’. बेल्ट चांगला बसला, ब्रा बसली नाही. मग काम गेलं भरतनाट्यम आणि लावणीचे पोशाख शिवणाऱ्या एका कारागीर बाईंकडे. ब्लाउजवर त्यांचा हात पक्का. बेली डान्सची ब्रा मात्र पहिलीच.

अडचण नेमकी कुठे होती

तयार ब्रा घालून तीन मिनिटं शिमी करायला लावली आणि फोनवर चित्रण केलं. आधी छातीखाली, वायरच्या (कपाखालच्या अर्धगोल तारेच्या) रेषेवर, आयब्रो पेन्सिलने बारीक खूण केली होती. नाच थांबला तेव्हा वायर खुणेपासून 3 सेंमी खाली होती आणि पाठीमागचा पट्टा तेवढाच वर चढला होता. पट्टा इलॅस्टिकचा होता. पुढून मण्यांचं वजन ओढतं, इलॅस्टिक ताणतं आणि पट्टा पाठीवर वर सरकतो. तो जेवढा वर जाईल तेवढे कप पुढून खाली येतात.

दुसरी खूण दोन कपांमधल्या जोडावर दिसली. हा जोड छातीच्या हाडाला टेकलेला असायला हवा. इथे तो जवळजवळ 2 सेंमी हवेत होता. जोड टेकत नसेल तर कप लहान आहे असं बहुतेक वेळा समजायला हरकत नाही. स्तनांना कपात जागा मिळत नाही, म्हणून ते कपच पुढे ढकलतात. उरलेलं मांस काखेकडून बाहेर येतं. इथे तेही होत होतं.

ब्रा स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली: 710 ग्रॅम. त्यातली साधारण 380 ग्रॅम कपांच्या खालच्या कडेला लोंबणारी काचेच्या मण्यांची झालर. आणि हा सगळा भार गळ्यात बांधायच्या दोन नाड्यांवर, म्हणजे मानेच्या मागच्या एका बिंदूवर. वीस मिनिटांच्या तालमीनंतर मान धरायची, यात नवल नाही.

आता माप. नर्तकी रोज 40 डी घालायची, म्हणजे 40 इंचांचा पट्टा आणि डी कप. टेप अंगाला घट्ट, जमिनीशी समांतर धरून मोजलं तेव्हा छातीखालचा घेर 91 सेंमी, म्हणजे 36 इंच आला. भर छातीचा घेर उभं राहून 110, कमरेतून पुढे वाकून 114. सरासरी 112, म्हणजे 44 इंच. फरक 8 इंच. ब्रिटिश मापात दर इंचाला एक कप चढतो: ए, बी, सी, डी, डीडी, ई, एफ, एफएफ. म्हणजे खरं माप 36 एफएफ. 40 च्या पट्ट्यावर तेवढ्याच आकाराचा कप ‘ई’ होतो. थोडक्यात, इतकी वर्षं पट्टा चार इंच सैल आणि कप दोन मापांनी लहान. भरलेल्या अंगाच्या बायकांत ही चूक सर्रास दिसते, कारण दुकानात कप संपले की विक्रेती पट्ट्याचं माप वाढवून देते.

पुढे वाकून मोजणं ब्लाउजच्या मापात कुणी करत नाही. पण जड आणि मऊ स्तन उभं असताना खाली आणि बाजूला विसावतात, टेपला पूर्ण मिळत नाहीत. इथे दोन मापांत 4 सेंमीचा फरक पडला; तेवढ्यात दीड कप सुटतो.

कोणते पर्याय होते

तयार ब्राच सुधारायची, हा पहिला विचार. पट्टा बदलता आला असता, नाड्या बदलता आल्या असत्या. कप मोठा करता येत नाही. तिथेच तो विचार संपला.

दुसरा पर्याय, कप कापून-शिवून पूर्ण ब्रा नव्याने बांधणं. हा सगळ्यात चांगला, पण वायरची गोलाई अंगाशी जुळवण्यातच तीन-चार कच्चे नमुने जातात आणि कारागीर बाईंना ब्रा शिवायचा सराव नव्हता. नऊ आठवड्यांत ही जोखीम नको ठरली.

स्पोर्ट्स ब्रा हा पर्याय नर्तकीनेच सुचवला होता. ती हलू देत नाही हे खरं, पण ती दोन्ही स्तन दाबून एकसंध करते. मणी लावले की छातीवर फळी बांधल्यासारखी दिसते. आत चोळी घालून वर सजवलेली ब्रा, हाही विचार झाला. बेली डान्सच्या ट्रायबल शैलीत तो शोभतो, इथल्या कैरोच्या शैलीत नाही.

शेवटी ठरलं असं: मापाची, वायरची, तीन तुकड्यांच्या शिवलेल्या कपाची रोजच्या वापरातली ब्रा विकत घ्यायची, तिचे कप आणि वायर तेवढे ठेवायचे, बाकी सगळं नव्याने बांधायचं. साचात दाबलेल्या फोमच्या कपापेक्षा शिवलेला कप मुद्दाम घेतला. एफएफच्या खोलीचा फोम मण्यांच्या वजनाने मधोमध पिचकतो. शिवलेल्या कपाला शिवणींचाच कणा असतो.

पहिला चुकलेला निर्णय: कप एक माप मोठा

वरून मखमल, आतून अस्तर, शिवाय मजबुतीचं कापड. एवढं सगळं जागा खाणार, म्हणून 36 एफएफऐवजी 36 जी घेतली. हा सल्ला सगळीकडे ऐकू येतो. लहान छातीसाठी तो बरोबर आहे, कारण तिथे कपात पॅड घालतात. इथे पॅड नव्हतेच. बाहेरून चढवलेलं कापड आतली जागा खात नाही आणि सुती अस्तर मिलिमीटरभराचं. परिणाम: कपाची वरची कड अंगापासून 1.2 सेंमी सुटली. हात वर केला की आत दिसायचं.

हे लक्षात आलं तेव्हा मखमल चढवून झाली होती. मग कड उसवून, खांदपट्टीच्या जागेखाली दोन्ही कपांत एकेक टक्स घेतला: वर 1.2 सेंमी, खाली 4 सेंमीवर शून्य. टक्स खांदपट्टीखाली झाकला गेला. शिवाय वरच्या कडेला आतून निवारीसारखी पातळ, न ताणणारी टेप लावली, कडेच्या लांबीपेक्षा 1 सेंमी आखूड. कड त्या टेपवर हलकेच गोळा होते आणि अंगाला बिलगते. काम झालं, पण एफएफ घेतली असती तर हे दोन दिवस वाचले असते.

पट्टा: सगळं काम इथेच आहे

ब्राचा भार खांद्यावर असतो हा गैरसमज. पट्टा नीट असेल तर बहुतेक भार तोच वाहतो. म्हणून मूळ ब्राच्या खांदपट्ट्या काढल्या आणि इलॅस्टिकचा पट्टा वायरच्या नळीपासून 2 सेंमी सोडून कापला. नळीला कात्री लागू द्यायची नाही. ती कापली गेली की वायरचं टोक बाहेर यायला निमित्तच मिळतं.

नव्या पट्ट्यासाठी दोन थर जाड सुती ड्रिल, मध्ये एक थर कॅनव्हास. आधी मांजरपाटावर नमुना. पहिल्या नमुन्यात बाईंनी ब्लाउजच्या पट्टीसारखी सरळ पट्टी कापली. वरची कड पाठीत रुतली आणि खालची कड उघडी राहिली. कारण अंग तिथे नळकांड्यासारखं नसतं. एका वायरपासून दुसऱ्या वायरपर्यंत पाठीवरून खालची रेषा 50 सेंमी भरली, वरची 55. हे 5 सेंमी पट्टीत कमानीने द्यावे लागतात. सडपातळ अंगावर हा फरक एक-दोन सेंमीचा असतो, म्हणून कुणी बोलत नाही. भरलेल्या अंगावर पाठीची घडी पडते ती बहुधा याच कारणाने.

पट्ट्याची उंची काखेखाली 11 सेंमी, पाठीच्या मध्याला 6. काखेखालच्या शिवणीत स्प्रिंगसारखी गुंफलेली पोलादी बोन, म्हणजे कापड ताठ ठेवणारी पट्टी, घातली. ती खोबणीपेक्षा 5 मिमी आखूड ठेवायची आणि टोकांना टोप्या घालायच्या, नाहीतर चार तालमींत कापड भोसकून बाहेर येते.

आता लांबी. नेहमीचा घेर 91, पूर्ण श्वास सोडून 89, छाती भरून घेतलेल्या श्वासात 95. ‘घट्ट असेल तर धरून ठेवेल’ म्हणून पहिला पट्टा 89 चा शिवला. उभं राहून छान वाटला. पाच मिनिटं नाचल्यावर नर्तकीला वाक्य पूर्ण करता येईना. न ताणणाऱ्या कापडात सहा सेंमीचा श्वास मावणार कुठे? दुसऱ्या पट्ट्याच्या वेळी बाईंनी टेप धरला आणि म्हणाल्या, “ताई, आता पोटातून नाही, छातीतून घ्या श्वास. आणि बसून घ्या.” बसल्यावर घेर आणखी वाढतो. पट्टा उसवून नवा केला: हुकांच्या दोन रांगा, 91 आणि 93 वर, आणि पाठीच्या मध्याला, हुकांच्या शेजारी, जाड इलॅस्टिकचा 4 सेंमीचा तुकडा, जो आणखी 2 सेंमी देतो. इलॅस्टिकवर कापडाची झडप आहे. एवढंच इलॅस्टिक, बाकी कुठेही नाही.

हूक पँटच्या कमरेचे, चपटे. दोन लावले होते. अशा हुकाला सतत ताण हवा. श्वास सोडल्यावर पट्टा क्षणभर सैल पडतो आणि हूक निसटू शकतो. तालमीत एक निसटलाच. मग तिसरा, उलट दिशेचा लावला. मंचावर जाताना शिवाय एक सेफ्टी पिन.

कप, मधला जोड, खांदपट्ट्या

कपांना कडकपणा आणायला बाईंनी आधी बकरम काढलं होतं. ते थांबवलं. शिंप्याच्या बकरमला खळ असते. घामाने ती विरघळते आणि दुसऱ्या कार्यक्रमात कप चिंधीसारखा होतो. त्याऐवजी कपाच्या तीन तुकड्यांचा नमुना उतरवून ड्रिलचे तुकडे बिनमायेचे, म्हणजे शिवणीसाठी जादा कापड न सोडता, कापले, कडेला कड भिडवून झिगझॅग मारली आणि कपावर बाहेरून हाताने टाचले. मायेच्या जाड शिवणी मखमलीखाली वळासारख्या दिसतात, म्हणून माया नाही. कपाच्या आत, काखेच्या बाजूला, न ताणणाऱ्या नायलॉन जाळीची चंद्रकोर लावली. ती मांस पुढे लोटते आणि हाताच्या आड येऊ देत नाही.

मधला जोड मूळचा 1.5 सेंमी रुंद, आतून नाजूक जाळीचा. त्यावर ड्रिलचे दोन थर चढवले आणि रुंदी जराही बदलू दिली नाही. इथे अर्धा सेंमी वाढला तरी दोन्ही वायर स्तनांवर चढतात.

वरून लायक्राची मखमल, वाइन रंगाची. साटन उरेब कापलं तरी एवढ्या खोल कपावर सुरकुत्याशिवाय बसत नाही. मखमल आधी चार दिशांना टाचणीने धरायची, मग मधल्या जागा. कड आत 2.5 सेंमी वळवून काटेरी टाक्याने शिवायची.

गळ्यातल्या नाड्या रद्द. खांदपट्ट्या 3.5 सेंमी रुंद, आत न ताणणारी टेप, पाठीवर एकमेकींच्या जवळ येणाऱ्या, म्हणजे खांद्यावरून घसरत नाहीत. यातली खरी गोम दिसत नाही: टेप कपाच्या वरच्या टोकाला संपवली नाही, कपाच्या आतून खाली वायरपर्यंत नेऊन तिथे पक्की केली. टेप वरच्या टोकाशी संपली असती तर खांदपट्टीने कपाची कड ओढली असती आणि भार कापडावर आला असता. आता तो पट्ट्यात उतरतो.

वजनाचा हिशोब आणि मणी

सजावटीसाठी आधीच आकडा ठरवला: 300 ग्रॅम, त्यावर नाही. पुण्यातल्या बोहरी आळीच्या बाजारातून आणलेले मणी लावण्याआधी तोलले. काच अॅक्रिलिकच्या दुपटीहून जड असते. म्हणून जिथे दिवा पडतो त्या वरच्या दोन रांगा काचेच्या कटदाण्याच्या, खाली सगळं अॅक्रिलिक. टिकल्या आणि खडे शिवलेले. गमाने चिकटवलेले घामात सुटतात.

झालर हा वादाचा विषय झाला. नर्तकीला कपाखाली 15 सेंमीची झालर हवी होती. पण मोठ्या छातीवरून सोडलेली झालर पोटाला लागत नाही, समोर पडद्यासारखी लोंबते आणि पोटाचं काम झाकते. नाचात पोट दाखवायचं असेल तर ती तिथे नकोच. शेवटी झालर पट्ट्याच्या खालच्या कडेला बांधली, बाजूंना 6 सेंमी आणि मध्ये 8. त्यामुळे तिचं वजनही कपाऐवजी थेट पट्ट्यावर आलं. मध्यभागी मोठा लोलक ठेवायचा होता. 40 ग्रॅमच्या लोलकाने जोड पुढे कलंडताना दिसला, म्हणून 9 ग्रॅमचा घेतला.

मणी लावताना कप कधीही सपाट धरायचा नाही. सपाट कापडावर ताणून लावलेली रांग अंगावर गोलाई आली की आखूड पडते. एकतर दोरा तुटतो नाहीतर कप खेचला जातो. इथे स्टीलचं वाडगं पालथं घालून त्यावर कप चढवला आणि त्याच गोलाईवर वाकड्या सुईने काम केलं. दोरा नायलॉनचा, दुहेरी, मेण लावलेला. दर पाच मण्यांनी गाठ, म्हणजे तुटला तरी मंचावर पाचच मणी सांडतील. टाका मखमल आणि ड्रिल यांतूनच. आतल्या कपातून आरपार ओढला की बाहेर खळ्या पडतात. वायरच्या नळीवर एकही टाका नाही.

अस्तर सगळ्यात शेवटी, मऊ सुती, हाताने, सहज उसवता येईल असं. मण्यांच्या गाठी अंगाला टोचू नयेत आणि घामाचं अस्तर बदलता यावं म्हणून.

काय झालं

पूर्ण ब्रा 545 ग्रॅम भरली. तीच पेन्सिलची खूण, तीच तीन मिनिटांची शिमी: वायर 4 मिमी सरकली. हात वीस वेळा वर, पाठीमागे वाकणं, गिरक्या. जोड हाडाला टेकलेला राहिला. कार्यक्रमात काही सुटलं नाही. मान दुखली नाही, पण काखेखाली लाल वळ उठला. बोनचं वरचं टोक काखेला फार जवळ होतं. पट्टा तिथे 11 वरून 9.5 सेंमी केला, बोन तेवढी आखूड केली.

एकूण हातकाम सुमारे 46 तास झालं. त्यातले दहा-बारा तास उसवण्याचे. तिसऱ्या कार्यक्रमानंतर पाठीचा इलॅस्टिकचा तुकडा ढिला पडला आणि बदलला. ब्रा धुतली जात नाही; अस्तरावर आतून पाणी मिसळलेल्या स्पिरिटचा हलका फवारा आणि सावलीत वाळवणं, एवढंच.

वेगळं काय करता आलं असतं

ब्रा खरेदी करताना एफएफ आणि जी दोन्ही आणून, ड्रिल चढवलेल्या अवस्थेत घालून बघायला हव्या होत्या. एक परत गेली असती. पट्ट्याचं माप उभ्याने घेतलं ही ब्लाउजची सवय होती, तिने एक पट्टा वाया घालवला. झालरीचा वाद कागदावर मिटला असता: जुन्या साडीची किनार टाचणीने लावून आरशासमोर दोन मिनिटं नाचलं की कळतं.

दुसरा, पूर्ण नवी ब्रा शिवण्याचा पर्याय वेळेअभावी सोडला होता. आता पट्ट्याचा नमुना, वायरचं माप आणि कपाचे तीन तुकडे कागदावर आहेत. पुढच्या सेटला बाईंनी विकतची ब्रा नको म्हणून सांगितलंय. जुन्या तयार ब्राचे काचेचे मणी उसवून तोलून डब्यात ठेवलेत, त्यातले 120 ग्रॅमच वापरायचे असं डब्यावर लिहिलंय.